पंधरा ते बावीस

कविता राऊत हे नाव नाशिक जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर शर्यतीत कांस्य मिळवले. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत केरळची प्रीजा श्रीधरन ३१:५०.४७ मध्ये पहिली आली आणि कविता ३१:५१.४४ मध्ये दुसरी. पंचवीस फेऱ्या पळून दोघींत पुरता एक सेकंदही नव्हता. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ केले, अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१६ साली ती रिओच्या मॅरेथॉनमध्ये पळाली. हे सगळे लिहून झालेले आहे.

या संग्रहाचा रस त्याआधीच्या वर्षांत आहे. डोंगराळ पाड्यावरची एक मुलगी पळते आणि तिच्यात काहीतरी आहे, हे कुणाच्या लक्षात आले, कशावरून आले, आणि लक्षात आल्यावर पुढची कितीतरी वर्षे तिच्यामागे कोण उभे राहिले? आणि त्याच रांगेत, तशाच अनवाणी उभ्या असलेल्या बाकीच्या मुली कुठे गेल्या? दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. संपादकांनी तो टाळलेला नाही, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला आनंदाने होकार दिला.

होतकरू खेळाडूवर नजर ठेवून असणे हा छंद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्ड सामन्याला झाडाखाली उभे राहून पंधरा वर्षांच्या पोराचा कव्हर ड्राइव्ह पाहणारे आणि दहा वर्षांनी ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असे ऐकवणारे रसिक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तालमीत नवा पठ्ठा आला की वस्तादाबरोबर अख्खे गाव त्याची खांद्याची ठेवण बघते. मुलींच्या धावण्याला असा रसिक अजून मिळालेला नाही. मुलगी राज्यात पहिली आली की शाल, श्रीफळ आणि चौकात फ्लेक्स. त्याआधी तिला कुणी पाहत नाही, त्यानंतर कुणी विचारत नाही.

जगात इतरत्र हे कसे चालते याचे एक टोकाचे उदाहरण देतो. अमेरिकेत मुलींच्या कॉलेज आइस हॉकीचे असे चाहते आहेत, की एखादी सोळा वर्षांची गोलरक्षक कुठल्या विद्यापीठाला तोंडी होकार देते याचीही त्यांच्यात चर्चा होते. हे एका रात्रीत झाले नाही. १९७२ साली तिथे शिक्षणात मुलामुलींना समान संधी देणारा कायदा आला. मिनेसोटा राज्याने शाळकरी मुलींची राज्यस्पर्धा घेतली ती १९९५ साली. विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा २००१ पासून सुरू झाली आणि पहिली तीन वर्षे मिनेसोटा-डुलुथने जिंकली. दिंडोरी तालुक्यातल्या ननाशीच्या मुलीला बर्फाशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे एवढेच की तिथे शाळा संपता संपता मुलीची वाट उजेडात येते; विद्यापीठ तिला शिष्यवृत्ती, प्रशिक्षक, डॉक्टर आणि भरपूर सामने देते. आपल्याकडे नेमकी त्याच वळणावर ती दिसेनाशी होते. पंधराव्या वर्षी आपण मुलगी निवडतो आणि बाविसाव्या वर्षी तिचे पदक मोजायला बसतो. मधली सात वर्षे कुणाच्याच दप्तरात नाहीत. हा संग्रह त्या सात वर्षांबद्दल आहे.

नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी तालुका हे बघायला चांगली जागा आहे, कारण इथे दोन मुलुख एकत्र नांदतात. पूर्वेला मोहाडी, जानोरी, खेडगावचा द्राक्षपट्टा. पश्चिमेला ननाशीकडचा चढ-उताराचा, कोकणा आणि महादेव कोळ्यांचा भाग, त्यापलीकडे पेठ आणि सुरगाणा. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळालेली मोनिका आथरे याच तालुक्यातली. नाशिक जवळ असल्याने सरावाला जाता येते. रोज जाणे परवडत नाही इतके ते लांबही आहे. पहाटे मैदानावर पोचायचे तर एसटी मिळत नाही, आणि मिळाली तरी परत येऊन शाळा गाठायची असते.

त्यात शेतीचे वेळापत्रक. शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या मध्यापासून सुरू होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य असे करत हिवाळ्यापर्यंत चालतात. बागांची गोडी छाटणी ऑक्टोबरात. त्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची आणि तालुक्याच्या पश्चिमेची कुटुंबे बागांवर कामाला येतात, तिथेच मुक्काम करतात. मोठी मुलगी एकतर त्यांच्याबरोबर असते किंवा घरी धाकट्या भावंडांना धरून. तालुक्याला पहिली आलेली मुलगी जिल्ह्याला का आली नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. निकालपत्रकात यातले काहीच दिसत नाही. तिथे दुसरीच कुणीतरी पहिली आलेली असते.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेचे मैदान वाचकाने एकदा तरी उभे राहून पाहावे. चारशे मीटरचा ट्रॅक बसेल एवढी जागा बहुतेक शाळांकडे नसते, म्हणून फक्कीने दोनशे मीटरचा आखतात. मुलींची ३,००० मीटर शर्यत म्हणजे मग पंधरा फेऱ्या. वळणे लहान, आतल्या कडेची फक्की पाचव्या फेरीलाच पुसलेली. फेऱ्या मोजायला दोन शिक्षक बसतात. मागे पडलेल्या मुलींवर पुढच्या मुलींनी एक-एक, दोन-दोन फेऱ्या चढवल्या की हिशेब बिघडतो, आणि एखादीला चौदाव्या फेरीलाच थांबवतात किंवा सोळावी पळायला लावतात. टायमिंग हातातल्या स्टॉपवॉचवर, तेही पहिल्या तिघींचे. चौथीला वेळच नसतो.

जाणता माणूस इथे पहिल्या नंबराकडे कमी बघतो. नवव्या-दहाव्या फेरीला कुणाचे खांदे वर चढलेत आणि कुणाचे सैल आहेत, कोण वळणावर आपोआप आत सरकते, कुणाची शेवटची फेरी पहिलीइतकीच झाली, हे त्याला बघायचे असते. शर्यत संपल्यावर तो विचारतो, किती दिवस पळतेस? दोन मुली एकाच वेळात आल्या आणि त्यातली एक तीन वर्षे वसतिगृहात राहून सराव करणारी, दुसरी शाळा सुटल्यावर गुरे वळणारी असली, तर त्याच्या वहीत दुसरीचे नाव वर जाते. मग तो जन्मतारीख बघतो. सतरा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकत्र पळतात. त्या वयात अकरा महिने फार असतात. जन्मतारखेवर विश्वास किती ठेवायचा हा वेगळा प्रश्न. राष्ट्रीय पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात ते उगाच नाही.

अशी पारख करण्याच्या आपल्या देशात तीन-चार परंपरा तयार झाल्या आहेत.

पहिली मोजमापाची. १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला साई म्हणतो ते, स्थापन झाले आणि निवडीच्या चाचण्या आल्या: उंची, वजन, उभ्या जागेवरून लांब उडी, ठरावीक अंतराची धाव, तक्त्यावर गुण. चाचणी निःपक्षपाती असते, ओळखीपाळखीला वाव कमी, हा तिचा मोठा गुण. पण चिकाटी तक्त्यात बसत नाही. शिवाय मोजमापाला सिद्धान्ताची जोड मिळाली की गंमत होते. १९८७ च्या सुमारास साईने खास क्षेत्र योजनेखाली कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दी समाजाची मुले निवडली. पूर्वज आफ्रिकेतून आले, म्हणजे ही मुले उत्तम पळणारच, असा हिशेब होता. काही गुणी खेळाडू खरोखर मिळाले, पण काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि मुले गावी परतली. वंशावरून निवडले, पण निवडलेल्यांचे पुढे काय करायचे हे कुणी ठरवले नव्हते.

हा दाखला मी मुद्दाम देतो आहे, कारण नाशिकबद्दलही असेच बोलले जाते. ‘आदिवासी मुली, डोंगरातल्या, त्या पळणारच.’ केनियातले इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंच आहे, आपले उटी २,२०० मीटरच्या वर. नाशिक जेमतेम सहाशे मीटरवर. विरळ हवेचा फायदा इथे नाही. पाणी वाहून आणि डोंगर चढून पाय घट्ट होतात हे खरे, पण पाणी वाहणारे जिल्हे महाराष्ट्रात डझनावारी आहेत आणि तिथून कविता राऊत आली नाही. नाशिकला ती आली याचे कारण साधे आहे: साईचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग इथे वर्षानुवर्षे टिकून राहिले. एक मुलगी पुढे गेली की दुसरीच्या बापाला पटवणे सोपे जाते. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव, त्र्यंबकेश्वर तालुक्यातली ताई बामणे, मोनिका आथरे ही सगळी नावे त्या टिकून राहण्याच्या भोवती उगवलेली आहेत. बदलीच्या नोकरीत माणूस एका गावात राहतो ही गोष्ट कुठल्याही चाचणीपेक्षा मोठी आहे, असे माझे मत आहे.

दुसरी परंपरा स्पर्धेची: पळवा, जो पहिला येईल तो घ्या. शालेय स्पर्धा, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या स्पर्धा आणि अ‍ॅथलेटिक्स महासंघाची आंतरजिल्हा ज्युनियर स्पर्धा, जिथे देशभरातून चौदा आणि सोळा वर्षांखालची हजारो मुले येतात. जाळे याहून मोठे टाकता येणार नाही. तिचा दोषही तितकाच मोठा. चौदाव्या वर्षी जिंकणारी मुलगी पुष्कळदा लवकर वयात आलेली असते एवढेच. सोळाव्या वर्षी बाकीच्या तिला गाठतात, आणि तोवर तिचा आत्मा आणि गुडघा दोन्ही थकलेले असतात.

तिसरी निवासी शाळेची. केरळने १९७६ साली कन्नूरला मुलींसाठी क्रीडा विभाग काढला, त्याच्या पहिल्या तुकडीत पी. टी. उषा होती आणि प्रशिक्षक ओ. एम. नंबियार. खाणेपिणे, शाळा, सराव एकाच आवारात. पुढे केरळच्या मुलींची जी रांग लागली ती सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्राने १९९६ साली क्रीडा प्रबोधिनी सुरू केली ती याच विचाराने.

आणि चौथी, जिला कुणी परंपरा म्हणत नाही, ती खो-खोची. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. पुढे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, मग पंचविशीत ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला तीच. ती पंधरा वर्षांची असताना महिलांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती आली २००८ साली. त्या वेळी कुठल्या तक्त्याने तिला काय गुण दिले असते? सुरगाण्याला लागून असलेल्या डांगची सरिता गायकवाडही खो-खोतून आली, आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होती. खो-खोत मुलगी दहा वर्षे पळते आणि तिला आपण धावपटू आहोत हे ठाऊक नसते. तोवर तिच्या टायमिंगच्या मागे कुणी लागत नाही, हा त्यातला फायदा.

आता मधल्या सात वर्षांकडे येतो.

पंधरा ते सतरा या वयात मुलीचे शरीर बदलते आणि टायमिंग थांबते, कधी मागेही जाते. मुलांचे त्याच वयात झपाट्याने सुधारते. हे निसर्गाचे साधे वेळापत्रक आहे, पण मैदानावर त्याला ‘वजन वाढलं’, ‘मन लागत नाही’ अशी नावे मिळतात आणि उपाय म्हणून सराव दुप्पट होतो, भाकरी अर्धी होते. त्यात रक्त कमी असणे हे आपल्या भागात नवलाचे नाही. पाळी बंद झाली तर मुलगी ते ‘सरां’ना सांगत नाही, आणि घरी सांगितले तर पळणेच बंद होते. खेळाडूच्या पोटात जाते त्यापेक्षा खर्च जास्त झाला तर पाळी, हाडे, रक्त, मन या सगळ्यांवर परिणाम होतो, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली एकत्रित मांडले. तालुक्याच्या मैदानापर्यंत ते पोचायचे आहे. मैदानावर एखादी तरी बाई प्रशिक्षक असावी ही मागणी यातूनच येते. मुलीची निवड, प्रवास, मुक्काम, गुण सगळे एका पुरुषाच्या हातात असण्यातले धोके वेगळे सांगायला नकोत.

मग बारावी. इथे मुलीची दुसरी निवड होते आणि ती खेळ करत नाही, पोलीस भरती करते. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर पळावे लागते, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. तालुक्या-तालुक्याला भरतीच्या अकॅडम्या निघाल्या आहेत. ज्या मुलीत ५,००० मीटरचा दम आहे तिला तिथे ८०० मीटर पुरे होते. मी याला गळती म्हणायला तयार नाही. वर्दी म्हणजे पगार, घर, लग्नाच्या बाजारात स्वतःचे मत. ट्रॅकने आजवर किती जणींना हे दिले? राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागणाऱ्या पदकापर्यंत पोचायचे तर ती मधली वर्षे कुणीतरी पोसावी लागतात.

जी मुलगी कॉलेजात जाते तिची शिडी कागदावर चांगली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहेत. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. ही शिडी पोकळ नाही, याचा पुरावा संजीवनी जाधव: २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवले, त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्य. पुढे २०१८ च्या उत्तेजक चाचणीत प्रोबेनेसिड हे बंदी असलेले औषध सापडल्याने तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली, २०१९ चे दोहाचे आशियाई कांस्यही गेले, आणि बंदी संपवून ती पुन्हा ट्रॅकवर उतरली. होतकरूंच्या मागावर असणाऱ्याने हेही पाहायचे असते. औषधाच्या डबीवर काय लिहिले आहे ते वाचता यावे, हे शिक्षण सोळाव्या वर्षीच मिळायला हवे.

शिडीच्या पायऱ्यांमधले अंतर मात्र मोठे आहे. कॉलेजचा क्रीडा विभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी एक शारीरिक शिक्षण संचालक, ज्यांच्याकडे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे. वर्षातून एक-दोन खऱ्या शर्यती आणि मधले रविवार रस्त्यावरच्या मॅरेथॉनचे. नाशिकची मराठा विद्या प्रसारक संस्थेची (मविप्र) मॅरेथॉन आहे, गावोगावच्या दहा किलोमीटर शर्यती आहेत, रोख बक्षिसे आहेत. एकोणीस वर्षांची मुलगी हिवाळाभर डांबरावर पळून घरखर्चाला हातभार लावते आणि उन्हाळ्यात तिची नडगी दुखते. तिला ‘पळू नको’ सांगणाऱ्याने त्या बक्षिसाएवढे पैसे पुढे केले पाहिजेत.

आज हे पुस्तक यावे याला कारण आहे. स्पर्धा वाढल्या, पैसा थोडाफार आला, मोबाइलवर शर्यती दिसू लागल्या. नोंदी मात्र होत्या तिथेच आहेत. जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी सोळा वर्षांखालच्या गटात पहिल्या आठात कोण होत्या आणि आज त्या काय करतात, हे एका जागी सांगता येत नाही. ते क्रीडाशिक्षकांच्या वह्यांत, बातमीदारांच्या कात्रणांत आणि आयांच्या आठवणीत विखुरलेले आहे. संपादकांनी ते वेचले. इथे शिक्षकांचे लेख आहेत, धावपटूंच्या मुलाखती आहेत, सोडून गेलेल्यांच्याही आहेत, आणि मला सर्वांत मोलाचे वाटले ते एकाच मुलीवर वर्षानुवर्षे केलेले टिपण.

अठरा वर्षांखालच्या कुणाचेही नाव छापायचे नाही, क्रमवारी लावायची नाही, असे संपादकांनी ठरवले. सुरुवातीला मला ते अति वाटले. होतकरूंवरच्या पुस्तकात होतकरूंची नावेच नाहीत! पण पंधरा वर्षांच्या मुलीला ‘उद्याची कविता राऊत’ म्हणून छापले की गावात तिचे काय होते, हे आतल्या दोन लेखांत वाचल्यावर मी वाद सोडला. हातातल्या घड्याळाच्या आणि इलेक्ट्रॉनिक वेळा वेगळ्या दाखवल्या आहेत, त्या एकमेकींशी ताडून पाहू नयेत. दोनशे मीटरच्या ट्रॅकवरच्या वेळांपुढे तशी खूण आहे.

एक तक्रार मात्र मी सोडत नाही. या संग्रहात सगळ्या पळणाऱ्याच आहेत. नाशिक म्हणजे लांब पल्ला, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की त्याच मैदानाच्या कोपऱ्यात भाला आणि गोळा फेकणाऱ्या मुलींकडे, ज्यांना फेकायला एक जुना गोळा आणि मोजायला एक फाटका टेप असतो, संपादकांचीही पाठ राहिली. मोहाडी-जानोरीच्या बागांत द्राक्षाचे क्रेट दिवसभर उचलणाऱ्या पोरींचे हात आणि कंबर कुणीतरी त्या नजरेने पाहायला हवी. पुढच्या आवृत्तीचे काम त्यांनी तिथून सुरू करावे.